चौकात वळताना

(२६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना जे एक-दोन मुद्दे विसरलो होतो तेही यात घातले आहेत.)



रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या माहितीतल्या विषयावर बोलायचे असे ठरले आहे. मागच्या महिन्यात सी विंगमधल्या डॉक्टरांनी साखरेवर भाषण केले आणि त्या दिवशीचा चहा कोणी प्यायलाच नाही. माझा नंबर लागला तेव्हा सगळ्यांना वाटले, हा बँकेतला माणूस, नॉमिनेशन नाहीतर मुदत ठेवींवर बोलेल. मी सेक्रेटरींना फोनवर विषय सांगितला, "वळणे". ते म्हणाले, "वा! आयुष्यातली वळणे?" म्हटलं, नाही हो, स्कूटर वळवण्याविषयी. फोनवर जरा वेळ शांतता झाली.

माझी या विषयातली पात्रता काय? मी काही आरटीओत नव्हतो. १९७५ साली लायसन्स काढलं. त्यावेळी साहेबांसमोर मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला, की झालं. हाताने इशारे करायचे दिवस होते ते. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर काढायचा. डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. चेतकवर असताना उजवा हात काढला की ॲक्सिलरेटर सुटायचा, त्यामुळे इशारा केला की गाडी आपोआप हळू व्हायची. आता इंडिकेटर आला आणि हात मोकळा राहिला, तो आपण मोबाईलला दिला. असो. पन्नास वर्षांत आठ गावांत बदल्या झाल्या आणि सगळीकडे गाडी चालवली. माझ्या हातून अपघात एकच झाला. तो आपल्याच गेटपाशी झाला. त्याबद्दल मी आज सांगणार आहे, पण शेवटी. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वळणे आणि सरळ जाणे यांतला फरक. सरळ जाणारा आपल्या खात्यातले पैसे खर्च करतो. वळणारा कर्ज मागत असतो. उजवीकडे वळताना तुम्ही समोरून येणाऱ्याचा रस्ता आडवा ओलांडता, म्हणजे जी जागा त्याची आहे ती तीन-चार सेकंद वापरायला घेता. कर्ज मागणाऱ्याने काउंटरच्या बाहेर थांबायचं असतं, मॅनेजरच्या खुर्चीत बसायचं नसतं. आपल्याकडे उलट आहे. वळणारा आधी गाडीचं नाक समोरच्याच्या लेनमध्ये घालतो, मग लाईट मारतो आणि मग रागाने बघतो. नियम अगदी स्पष्ट आहे. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांच्या जागी २०१७ साली केंद्राने वाहन चालवण्याचे नवे विनियम आणले. आमच्या बँकेची जाडजूड सर्क्युलरं पाहिलेल्या माणसाला हे अगदीच सोपं वाचन आहे. सांगायची गोष्ट एवढीच, की लायसन्सधारकांपैकी ते किती जणांनी उघडून पाहिले आहेत, हे मी या हॉलमध्ये विचारणार नाही. मीही वयाच्या सत्तरीनंतर पाहिले.

वाहतूक अभियंते चौकाकडे कसे बघतात ते सांगतो. चार रस्ते मिळतात अशा साध्या चौकात, प्रत्येक रस्त्यावर येणारी एक आणि जाणारी एक लेन धरली, तर गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भेटतात. काही ठिकाणी ते फुटतात, काही ठिकाणी एकत्र येतात आणि १६ ठिकाणी एकमेकांना छेदतात. छेदणाऱ्या जागा सर्वांत धोक्याच्या आणि त्यातल्या बहुतेक उजवीकडे वळण्यामुळे तयार होतात. आपण डावीकडून चालतो म्हणून आपल्याला उजवं वळण जड. अमेरिकेत उजवीकडून चालतात म्हणून त्यांना डावं जड. तिकडची यूपीएस नावाची मोठी पार्सल कंपनी आहे (आपल्या लिफ्टचा यूपीएस नव्हे, तो बंदच आहे), ती आपल्या ड्रायव्हरांचे मार्ग आखताना डावी वळणं शक्य तितकी टाळते. वळसा पडला तरी चालेल. मीही आता तसंच करतो. गंगापूर रोडला गर्दीच्या वेळी उजवीकडे घुसण्यासाठी अडून राहण्यापेक्षा पुढे जाऊन सोयीच्या सिग्नलवरून फिरून येतो. तीन मिनिटं जास्त लागतात. निवृत्त माणसाला तीन मिनिटांचं काय करायचं असतं, सांगा.

आता उजवं वळण नीट कसं घ्यायचं. इंडिकेटर वळणाच्या बऱ्याच आधी लावायचा, वळताना नव्हे. वळताना लावलेला इंडिकेटर म्हणजे चेक परत गेल्यावर पैसे भरणं. मग आरसा बघायचा आणि मग मान वळवून खांद्यावरून एक नजर टाकायची, कारण आरशात न दिसणारी एक जागा असते आणि नेमका तिथेच कोणीतरी मोटरसायकलवाला असतो. बँकेत तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन माणसांकडे. एकाने उघडत नाही. तसं आरसा ही एक चावी आणि मान ही दुसरी. त्यानंतर हळूहळू रस्त्याच्या मध्याजवळ सरकायचं. डाव्या कडेने येऊन एकदम उजवीकडे मुसंडी मारायची नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, यात मी स्वतः चाळीस वर्षं चुकत होतो. ज्या रस्त्यात शिरायचं त्याच्या मध्यापर्यंत सरळ पुढे जायचं आणि मग वळायचं, असं की तुम्ही नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला पोचाल. कोपरा कापायचा नाही. कोपरा कापला म्हणजे काय होतं? तुम्ही नव्या रस्त्यात उजव्या बाजूने शिरता. ती बाजू त्या रस्त्यातून बाहेर येणाऱ्याची असते. तो बिचारा आपल्या डाव्या हाताने, नियमाप्रमाणे येत असतो आणि तुम्ही त्याच्या अंगावर समोरासमोर जाता. आपण सगळे हे रोज करतो, कारण कोपरा कापला की दहा-बारा फूट वाचतात.

समोरून येणाऱ्याचा अंदाज ही दुसरी भानगड. हिशोब करा. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर येते. तुम्हाला वळून रस्ता मोकळा करायला चार सेकंद लागले, तर तोपर्यंत ती ४४ मीटर आलेली असते. ६० ने येत असेल तर जवळजवळ ६७ मीटर. आपल्या वयात चार सेकंदांचे पाच होतात, हेही धरा. त्यातून मोटरसायकल समोरून अरुंद दिसते, त्यामुळे ती किती वेगाने येते आहे हे डोळ्याला नीट कळत नाही. रात्री तर एकच दिवा दिसतो, तो लांबचा आहे की जवळचा, सांगा बघू. मोटारीत आणखी एक गंमत आहे. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यांच्याआड अख्खी मोटरसायकल किंवा चालणारा माणूस लपू शकतो. वळताना सीटवर पुढे-मागे हलून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल आजोबा डुलतायत. वाटू दे.

डावं वळण सोपं म्हणून आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. नियम एवढाच, की डाव्या कडेला धरून यायचं आणि डाव्या कडेलाच धरून नव्या रस्त्यात जायचं. पण कित्येक मोटारवाले डावीकडे वळायच्या आधी गाडी उजवीकडे फुगवतात, जणू दहा टनी ट्रक आहे. मागच्या स्कूटरवाल्याला वाटतं हा उजवीकडे चालला, तो डावीकडून पुढे काढतो आणि मध्ये सापडतो.

खऱ्या ट्रकला आणि बसला मात्र तसं करावंच लागतं. त्याचं कारण मुलांनी घरी करून बघावं. तीनचाकी सायकल घ्या, थोड्या पाण्यातून न्या आणि कोरड्या फरशीवर वळवा. ओल्या खुणा बघा. मागचं आतल्या बाजूचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेवरून जात नाही, ते आतून जातं. सायकलीत हा फरक बोटभर दिसेल. लांब बसमध्ये तो माणूसभर असतो. म्हणून बस डावीकडे वळायला थांबली असेल आणि तिच्या डाव्या बाजूला मोकळी जागा दिसली, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. ती मागच्या चाकाची आहे. त्या जागेत ड्रायव्हरला तुम्ही दिसतही नाही. कॉलेजला स्कूटी घेऊन जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी बाकी सगळं विसरलं तरी एवढं लक्षात ठेवावं. द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता मिळतो, तिथे ट्रकांच्या बाजूने वाट काढणाऱ्या दुचाकी बघितल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि पायी चालणारे. वळताना आपण गाड्या बघतो, माणसं बघत नाही. तुम्ही ज्या रस्त्यात वळता, त्याच रस्त्यावरून त्या क्षणी कोणीतरी ओलांडत असतं. झेब्रा पट्ट्यांवर त्यांचा हक्क पहिला आहे. फ्री लेफ्टची पाटी असली तरी ती तुम्हाला सिग्नलपासून सूट देते, आजीपासून नाही.

सर्कलचं सांगतो. मायको सर्कल, एबीबी सर्कल ही नावं आपल्या तोंडी इतकी बसली आहेत, पण सर्कलमध्ये आधी कोणी जायचं यावर घरोघरी मतभेद. नियम असा आहे, की जो आधीच गोलात फिरतो आहे त्याला जाऊ द्यायचं, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. आपल्याकडे गोल घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे गोलातली गाडी नेहमी तुमच्या उजव्या हाताने येणार. इंग्लंडात हाच नियम १९६६ साली देशभर लागू केला, तोपर्यंत तिथेही सर्कलं तुंबत होती. बाहेरच्याने आत घुसायचं ठरवलं की आतला बाहेर पडू शकत नाही आणि सगळा गोल जाम होतो, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. संध्याकाळी सहा वाजता कुठल्याही सर्कलवर उभं राहावं.

आपल्या कॉलनीतल्या छोट्या चौकांत ना सिग्नल, ना पोलीस, ना पाटी. तिथेही उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दोन्हींपैकी एक मुख्य रस्ता म्हणून जाहीर असेल तर त्याचा मान पहिला. हॉर्न मोठा त्याचा मान पहिला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

सिग्नलबद्दल फार बोलत नाही. पिवळा दिवा म्हणजे "लवकर चल" नव्हे, सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांब. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून लाल दिवा तोडणं हे मोटार वाहन कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं, नुसत्या पावतीचा विषय राहिलेला नाही.

आमच्या ज्येष्ठांसाठी दोन शब्द. मानेचा पट्टा वापरणाऱ्यांना खांद्यावरून बघता येत नाही, मला माहीत आहे. मग मागे बसणाऱ्याला कामाला लावा. आमच्या घरात ते खातं सौभाग्यवतींकडे आहे. मी इंडिकेटर लावला की त्या मागे बघून "या" म्हणतात, मग मी वळतो. "या" आलं नाही तर वळत नाही. पन्नास वर्षांच्या संसारात माझ्याकडून एवढं पालन दुसऱ्या कुठल्या बाबतीत झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मोतीबिंदू पिकत आला असेल तर समोरच्या दिव्याभोवती फटाक्यासारखी किरणं दिसतात. त्या दिवसांत रात्री गाडी काढू नका, मुलांना सांगा, नाहीतर रिक्षा करा. आणि वळून झाल्यावर स्कूटरचा इंडिकेटर बंद करा हो. डी विंगमधले एक गृहस्थ गेली तीन वर्षं उजवीकडे वळतच आहेत.

आता ती गोष्ट.

२०१२ चा जानेवारी. मी निवृत्त होऊन वर्ष झालं नव्हतं. मुलाला पंचवटी एक्सप्रेसला सोडायला नाशिक रोडला गेलो होतो आणि गाडी घेऊन परत येत होतो. साडेसातची वेळ. मेन रोडवरून आपल्या गल्लीत उजवीकडे वळलो, नेहमीसारखा कोपरा कापून. आपली गल्ली पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे वळल्याबरोबर ऊन सरळ डोळ्यांत. कोपऱ्यावर बोगनवेल. पेपर टाकणारा मुलगा सायकलवरून गल्लीतून बाहेर येत होता. मला तो दिसला तेव्हा तो बॉनेटवर होता.

पायाचं हाड मोडलं. मी त्याला लगेच गाडीत घालून हाडाच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टरचे, औषधांचे सगळे पैसे दिले. इथपर्यंत ठीक. पण जमलेल्या लोकांना मी काय सांगितलं? "पोरगं जोरात आलं." मला तसं वाटतही होतं. त्याचं मत कोणी विचारलं नाही. पुढच्या वार्षिक सभेत माझा उल्लेख झाला, की स्वतःची चूक नसतानाही आपल्या सभासदाने गरीब मुलाचा सगळा खर्च उचलला. टाळ्या झाल्या. तुमच्यापैकी काहींनी वाजवल्या असतील. आणि त्याच सभेत ठराव झाला आणि गेटवर पाटी लागली, "पेपर, दूध व इतर सायकलवाल्यांनी गल्लीत सायकलवरून उतरून चालत जावे". ती अजून आहे. मागच्या दिवाळीला तिला नवीन रंग दिला आपण.

मागच्या वर्षी नातीने लर्निंग लायसन्सचा अभ्यास काढला. संगणकावर परीक्षा असते ना आता. ती मोठ्याने वाचत होती आणि मी चहा पीत होतो. उजवीकडे वळताना मध्याजवळ या, नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला जा, वगैरे. ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर असं वळत नाही. तुम्ही गल्लीत कायम राँग साईडने शिरता." मी म्हटलं, गल्ली अरुंद आहे. ती म्हणाली, "मग बाहेर येणाऱ्याने कुठून यायचं?"

मी कागद घेतला आणि गल्ली काढली. बोगनवेल काढली. सायकल कुठे होती ते मला पक्कं आठवतं, कारण ती कंपाउंडच्या भिंतीला घासून पडली होती, बाहेर येणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीला. म्हणजे तो मुलगा जिथे असायला हवा तिथेच होता. मी नव्हतो. बारा वर्षं हा हिशोब माझ्याकडून जुळवायचा राहिला होता आणि ताळेबंदात चूक दुसऱ्याच्या नावावर टाकून मी पुस्तक बंद केलं होतं. बँकेत कोणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

चूक एवढ्यावर थांबत नाही. अपघातात कोणाला इजा झाली तर ड्रायव्हरने त्याला उपचार मिळवून द्यायचे आणि २४ तासांत पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं, हा कायदा तेव्हाही होता. आम्ही "मिटवून टाकलं". माझ्या गाडीचा थर्ड पार्टी विमा होता. रीतसर नोंद झाली असती तर त्या मुलाला नुकसानभरपाई मागता आली असती. दोन महिने त्याची पेपरची लाईन बुडाली, बारावीची परीक्षा बुडाली, ते मी दिलेल्या दवाखान्याच्या बिलात कुठेच नव्हतं. आणि मी बँकेत लोकांना विम्याचं महत्त्व समजावून सांगणारा माणूस.

दिवाळीनंतर मी त्याला शोधून काढलं. त्याचं आता स्वतःचं छोटं दुकान आहे, झेरॉक्स आणि स्टेशनरीचं. मी सगळं सांगितलं, तो आकडेमोडीचा कागदही दाखवला. तो म्हणाला, जाऊ द्या काका, किती वर्षं झाली. चहा मागवला. परीक्षेचं मी विचारलं तर म्हणाला, पुढच्या वर्षी दिली. भरपाई म्हणून मी काही रक्कम नेली होती, ती त्याने घेतली नाही, मी दोनदा आग्रह केला तरी. मी उठलो तेव्हा त्याने विचारलं, "ती पाटी आहे का हो अजून?"

तर अध्यक्ष महोदय, माझी कमिटीला विनंती आहे आणि ती मी लेखी आणली आहे. एक, ती पाटी काढावी. दोन, त्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात माझ्याबद्दल जे लिहिलं आहे, त्याची दुरुस्ती पुढच्या सभेत नोंदवावी. "स्वतःची चूक नसताना" हे शब्द खोटे आहेत. तीन, बोगनवेल कमरेइतकी ठेवावी. मला माहीत आहे ती कोणी लावली आहे आणि मी त्यांची आधीच माफी मागितली आहे. चार, आपल्याच कंपाउंडच्या खांबावर एक बहिर्गोल आरसा लावावा, त्याचा खर्च मी देईन. त्या आरशात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, तेवढं ध्यानात ठेवावं. आणि पाच, गल्लीच्या तोंडापासून गेटपर्यंत मधोमध पांढरी रेघ मारावी, म्हणजे माझ्यासारख्याला कोपरा कापताना निदान ती रेघ ओलांडावी लागेल. गल्ली आपल्या लेआउटची आहे, त्यामुळे कोणाची परवानगी लागू नये, तरी सेक्रेटरींनी खात्री करून घ्यावी.

ती खात्री झाली की येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण रेघ मारू. रंगाचा डबा, दोरी आणि खडू माझ्याकडे आहेत. ब्रश दोनच आहेत, कोणाकडे असेल तर घेऊन यावा. साडेसातला ऊन डोळ्यांवर येतं, त्याआधी कोपऱ्याचा भाग संपवायचा आहे. आणि तेवढा वेळ कृपा करून कोणी गाडी काढू नये.